गाडीचं बिल जोडलं, पण गाडी पोचली का? पोलिसांच्या अनुदानाच्या अटींबद्दल

कपाशीचा_बांध (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आमचं गाव. मागच्या पावसाळ्यात रात्री भांडण पेटलं, कुऱ्हाडी निघाल्या. गावात रेंज नाही, म्हणून एक पोरगा पाण्याच्या टाकीवर चढून 112 ला, म्हणजे पोलिसांच्या मदत क्रमांकाला, फोन लावून आला. पोलिसांची गाडी आली ती दीड तासानं. आत डॅशबोर्डवर टॅब्लेट, त्याच्यावर गोल चक्री फिरतेय ती फिरतेच आहे. चालक बिचारा म्हणाला, "भाऊ, मागच्या फाट्यापासून हे बंदच आहे, विचारत विचारत आलो."

कागदावर ही गाडी शंभर टक्के यशस्वी आहे. पोलीस आधुनिकीकरणाच्या योजनेत केंद्र 60 आणि महाराष्ट्र 40 टक्के घालतो. वर्ष संपल्यावर 12 महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी) द्यायचं, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. प्रमाणपत्र सांगतं की पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाले. ते काम आमच्या टाकीखाली चालतं का, हे कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच: पुढचा हप्ता सोडण्याआधी ठाण्याच्या हद्दीतल्या सगळ्यात वाईट रेंजच्या पाच गावांतून 112 ला फोन लावा. गाडी किती वेळात आली ते पोलीस पाटलासमोर पंचनाम्यात लिहा, आणि तो पंचनामा यूसीला जोडा.

निवृत्त_लेखापाल

तीस वर्षं यूसीच लिहिल्या, म्हणून थोडं टोचलं. यूसीला शिव्या देणं सोपं आहे. डिसेंबर 2022 मध्ये काय बातम्या आल्या होत्या आठवतं? महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून मुंबईत घेतलेल्या बोलेरो गाड्या आमदार-खासदारांच्या सुरक्षेला लागल्या. पैसा कोणत्या कामासाठी होता हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून तर ते बोलता आलं. अटी ढिल्या केल्या की जिल्ह्याजिल्ह्यात हेच होईल, आणि तिथे बातमीही येणार नाही.

तुमची अट मला आवडली नाही. पाच फोन लावायचे म्हणजे आधी कळवावं लागणार, नाहीतर खोटे कॉल म्हणून गुन्हा. आधी कळवलं की गाडी गावाच्या वेशीवर उभीच असेल. मंत्री येणार म्हणून रस्ता झाडतात, तसं.

पर्लकोटा_काठचा

दोघंही सपाट मुलखात बसून बोलताय. इकडे गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, दर पावसाळ्यात. त्या दिवशी गाडी शंभर मिनिटांत नाही आली म्हणून ठाण्याचा अनुदानाचा हप्ता कापणार का? टॉवर उभारणं पोलिसांच्या हातात नाही, ते दूरसंचार खात्याचं काम. 112 कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, पण टॉवर तर पाहिजे ना? आखाचा दोष आणि चाबूक बैलाला.

शिवाय जिथे काम वाईट तिथला पैसा थांबवला तर तिथलं काम आणखी वाईट होणार. सगळ्यात मागे राहिलेल्या ठाण्यालाच शिक्षा.

वर्‍हाडी_पाटील

काहून भांडून राह्यले बावा? मी पोलीस पाटील हाओ. 2024 पासून मानधन 15 हजार झालं, बरं झालं. पण मले आजवर एक वॉकीटॉकी कोणी देल्ली नाई. ठाण्यातला बिनतारी संच चालते, आवाज पुढं धाडणारा रिपीटर डोंगरावर हाय, मंग एक संच पाटलाच्या घरी ठेवाले काय होते? रेंज नसली तरी ते बोलते. तुमचा टॅब्लेट बोलत नाई.

सरोज_वणी

पाटीलदादा, पटलं. पण अटींचा विषय निघालाच आहे तर ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचंही बोला. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही पाहिजेत आणि रेकॉर्डिंग शक्यतो 18 महिने, निदान वर्षभर ठेवायचं. आमच्या ओळखीतल्या एका बाईनं अर्ज केला तर उत्तर आलं, "हार्ड डिस्क भरली होती." गाडी आणि बंदुकीच्या हप्त्याला ही अट बांधली तर मला आनंदच होईल. आणि पर्लकोटाभाऊ, कॅमेऱ्याला पूर नडत नाही.

पर्लकोटा_काठचा

ताई, वीज नडते.

कपाशीचा_बांध

पर्लकोटा, तुमचं मान्य. हप्ता कापायचा शब्द मागे घेतो. पंचनाम्यात गाडी उशिरा आली असं आलं तर पैसा थांबवू नये, उलट त्याच ठाण्याला रिपीटरसाठी आधी मिळावा. पण पंचनामा पाहिजे म्हणजे पाहिजे. आज "टॅब्लेट बसवले" या ओळीखाली आमचं गावही मोजलं जातं.

लेखापालसाहेब, आधी कळवण्याचं काय करायचं ते तुम्हीच सुचवा.

निवृत्त_लेखापाल

तारीख कळवा, गाव कळवू नका. चिठ्ठी टाकून त्याच दिवशी काढा. आणि एक शंका. पंचनामा अपलोड कसा करणार? गावात तर रेंज नाही म्हणता.

वर्‍हाडी_पाटील

टाकीवर चढून.