डेटा सेंटरचं पीएम (ठरावीक काळाने होणारं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स) कमी करून खरंच पैसे वाचतात का?

डीजीवाला_ऐरोली
बजेट मीटिंगमध्ये परत तोच विषय, यूपीएस-डीजीच्या (बॅटरी बॅकअप आणि डिझेल जनरेटर) एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, कपात करा, तिमाही पीएम सहामाही करा, सगळं नीट चालतंय ना मग खर्च कशाला. मला हे अजिबात पटत नाही. यूपीएसच्या व्हीआरएलए (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीवर आयुष्य दहा वर्षं लिहिलेलं असतं ते 25 अंशाला, खोली 33-35 वर राहिली की आयुष्य जवळपास निम्मं, आणि वरून बघून काही कळत नाही. स्ट्रिंगमधली (एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांच्या माळेतली) एक बॅटरी ओपन झाली, म्हणजे आतून तुटली, की अख्खी स्ट्रिंग गेली. इंटर्नल रेझिस्टन्स वेळच्या वेळी मोजला तर तेवढी एकच बदलून काम भागतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई-ठाणे-नवी मुंबईची लाईट गेली तसं परत झालं आणि डीजीने क्रँकच घेतला नाही, म्हणजे चालूच झाला नाही तर?

रॅक_नंबर_सात
बॅटरीचं मान्य, पण सरसकट तिमाही पीएमला माझा ठाम विरोध. चालू पॅनल उघडायचं, घट्ट असलेले बोल्ट परत आवळायचे, यूपीएस बायपासला टाकायचा (लोड यूपीएस वगळून थेट लाइनवर), अहो आउटेज यातूनच होतात. मे 2017 ला ब्रिटिश एअरवेजची पॉवर माणसाच्याच हातून गेली, मग ती अचानक परत आली त्यात सिस्टिम बसल्या, 75,000 प्रवासी अडकले. विमानांच्या मेंटेनन्सवर नोलन आणि हीप यांचा 1978 चा रिपोर्ट आहे, त्यात वयाप्रमाणे झिजणारे पार्ट निघाले फक्त 11 टक्के आणि 68 टक्के पार्टमध्ये नवीन बसवल्या बसवल्या फेल व्हायचा धोका जास्त. मग कॅलेंडर बघून पार्ट का बदलायचे? रीडिंग बिघडलं की हात लावा.

डीजीवाला_ऐरोली
तोच रिपोर्ट सांगतो की बिघाड आधी खूण देत असेल तर ती ठरावीक काळाने शोधा. व्हिजिटच कापल्या तर रीडिंग घेणार कोण? आणि बॅटरी, फॅन, कपॅसिटर हे झिजणारेच आयटम आहेत. कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला 26 सप्टेंबर 2025 ला आग लागली, तिथल्या लिथियम बॅटऱ्या 2014 पासूनच्या, वॉरंटी संपलेल्या, 709 सिस्टिम बंद पडल्या.

रॅक_नंबर_सात
पण ती आग बॅटऱ्या हलवायचं काम चालू असतानाच लागली ना, म्हणजे माझाच मुद्दा. जुनं तसंच ठेवा असं मी म्हणत नाहीये, पण दर वेळी नवीन पोरगा चेकलिस्ट घेऊन येतो, त्याला साइटचा सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा नकाशा) सुद्धा माहीत नसतो आणि आपण त्याच्या हातात ब्रेकर देतो.

चिलर_ताई
दोघंही इलेक्ट्रिकलवरच भांडताय, रोजचा पैसा कूलिंगमध्ये जातो. कंडेन्सरच्या (एसीचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) फिन्समध्ये धूळ बसली की हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरपुढचा गॅसचा दाब, वाढतं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, बिल गुपचूप चढतं. फिन्स धुवायला शटडाउन लागत नाही, ते तिमाहीच काय, एमआयडीसीच्या धुळीत दर महिन्याला करा. आणि डीजी दर आठवड्याला नो-लोडवर दहा मिनिटं फिरवणं बंद करा, न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साठतं. निदान 30 टक्के लोड द्या, वर्षातून एकदा लोड बँक (टेस्टसाठी कृत्रिम लोड देणारं मशीन) मागवा.

डीजीवाला_ऐरोली
ताई, लोड बँकेचं कोटेशनच पहिलं कापलं गेलंय. @रॅक_नंबर_सात बोल्ट वर्षातून एकदाच, दोन वेगळ्या पॉवर लाइनींपैकी आधी ए साइड, ती स्टेबल झाली की मग बी, आणि माणूस साइट ओळखणाराच हवा, हे मी लिहून देतो. रीडिंगच्या व्हिजिट मात्र एकही सोडणार नाही.