नाकातल्या पॉलिपवर चिनी काढा: सिंगापूरकरांनो, मदत हवी आहे

नवऱ्याच्या (वय ४६) दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या मऊ गाठी) आहेत. दुर्बिणीतून काढले होते, पुन्हा वाढले. स्टिरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं रोज चालू आहे, तरी वास येतच नाही; फोडणी करपली तरी कळत नाही. दमा आहे, अ‍ॅस्पिरिन चालत नाही. इथल्या नोंदणीकृत चिनी वैद्यांनी काढा लिहून दिलाय. त्यात त्सांग-अर-त्झ (झँथियमची काटेरी फळं) आणि शिन-यी (मॅग्नोलियाच्या कळ्या) आहेत. ही फळं कच्ची किंवा जास्त पोटात गेली तर यकृताला घातक, म्हणून अजून सुरू केलेला नाही. फवारा बंद करणार नाही. पॉलिप आणि दमा दोन्ही असताना हा काढा कोणी घेतलाय का? यकृताची रक्ततपासणी कधी करून घेतलीत? आणि वास परत आला का?