गूगल ट्रेंड्सवर ‘पीक विमा’: पुणे तळाला का?

प्रश्न: गूगल ट्रेंड्सवर (कुठे काय किती शोधलं जातं ते दाखवणारं गूगलचं साधन) ‘पीक विमा’ टाकलं की छोटी गावं १०० वर आणि पुणे तळाला. पुण्यात कुणी शोधतच नाही का?

प्रतिसाद १: शोधतात की! तो आकडा शोधांची संख्या नव्हे, तिथल्या एकूण शोधांतला वाटा. सर्वाधिक वाट्याला १००, बाकी त्या प्रमाणात. पुण्यात एकूण शोधच प्रचंड.

प्रतिसाद २: ‘पीक’, ‘पिक’ आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग वेगवेगळं मोजलं जातं. अधिकचं चिन्ह देऊन तिन्ही एकत्र टाका, कालावधी १२ महिने ठेवा. आठवडाभराचा नमुना लहान गावांत फार उड्या मारतो.

प्रतिसाद ३: आलेखात जुलैत दिसणारी उसळी बहुधा खरिपाच्या अर्जाची मुदत सांगते, पिकाचं नुकसान नव्हे. शोधांवरून फ्लूच्या रुग्णांचा अंदाज बांधणाऱ्या ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’चा २०१२-१३चा अंदाज असाच फुगला होता. शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो.