मदत हवी: अध्यात्मवाले पाहुणे येऊन रायले, दहा दिवस काय करू त्यांचं?

कापूसकोंड्या:
मंडळी, अर्जंट आहे. चुलतभावाच्या ओळखीचे पाहुणे आमच्या घरी येऊन रायले. दहा दिवस. त्यांना 'अध्यात्म' पाहिजे म्हणे. हॉटेल नको, गाईड नको, गावातच राहायचं, शांतता पाहिजे आन् जमलं तर एखादे महाराज भेटवा. भाऊ पुण्यात बसून "तू बघशीलच" म्हणून मोकळा झाला. मी आजवर अध्यात्मातलं केलं काय, तं गुरुवारचा उपास, तोही साबुदाण्यापायी. कुठं नेऊ, काय दाखवू, पटापट सांगा. लिंका देऊ नका, त्या सगळ्या मुंबईहून सुरू होतात.

अमरावतीचा अण्या:
शेगाव. विषय संपला.

वर्धेची माई:
बाळा, गाव कोणतं, पाहुणे किती, येणार कधी? विदर्भ म्हणजे काय एक तालुका आहे का? गडचिरोलीहून शेगाव दाखवायला निघालास तर येण्याजाण्यातच मोक्ष मिळेल त्यांना.

कापूसकोंड्या:
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ. दोघं आहेत.

निवृत्त वाहक:
दारव्हा म्हटलं आन् जीव भरून आला. शकुंतला रेल्वे चालू असती तं पाहुण्यायले मूर्तिजापुरात बसवलं का थेट दारव्ह्याले उतरवलं असतं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर छोटी लाईन, इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकलेली. गार्डच तिकीट देये. म्हैस आडवी आली का गाडी थांबे, म्हैस गेली का निघे. याहून शांतता कोणत्या आश्रमात भेटन?

वर्धेची माई:
कधी येणार, ते राहिलंच.

कापूसकोंड्या:
माई, फेब्रुवारी. ५ ते १५. आता यादी द्या ना.

अमरावतीचा अण्या:
आधी कॅलेंडर पाह्य. माघ वद्य सप्तमी कोणत्या तारखेला येते ते पाह्य. त्या दिवशी शेगावात गजानन महाराजांचा प्रकटदिन. २३ फेब्रुवारी १८७८ ला बंकटलालला ते पहिल्यांदा दिसले, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. त्या आठवड्यात गेला तं माणसांचा पूर आन् दिंड्याच दिंड्या. शांतता पाहिजे असन तं तो आठवडा सोड, गुरुवारही सोड. आन् खोलीचं आधी फोनवर ठरवता येईल असं धरून चालू नको. तिथं जाऊन रांगेत नंबर लावायची तयारी ठेव, ओळखपत्र ओरिजिनलच घेऊन जा.

तांड्यावरून:
दारव्ह्याचा माणूस आन् पोहरादेवीचं नाव कोणीच घेतलं नाही? मानोरा तालुक्यात, तुमच्यापासून शेगावच्या चौथ्या हिश्श्यावर. सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबा माता आहे, बंजारा समाजाची काशी म्हणतात. ऑक्टोबर २०२४ पासून तिथं नगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालय झालं आहे, तांड्याचं जगणं त्यात मांडलं आहे. १५ फेब्रुवारीला सेवालाल जयंती, म्हणजे नेमका तुमचा शेवटचा दिवस. गर्दी होईल, पण भोग, म्हणजे नैवेद्य, लागताना पाहायला मिळेल. आमच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, वयाच्या बाया घागऱ्यात गातात, ते कुठल्या ब्लॉगात नाही.

विपश्यी नागपूर:
इथं सगळे देवळं सांगताय. त्यांनी शांतता मागितली आहे. नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचं धम्म नाग केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे ४ ला घंटा. नव्या साधकाला संध्याकाळी फक्त चहा, कुरमुरे, फळ. मी ३ शिबिरं केली, बीपीची गोळी अर्धी झाली. प्रश्न मिटला.

अमरावतीचा अण्या:
दहा दिवसांतले दहा दिवस तिथंच गेले तं ते याच्या घरी येतात कायले? आन् तिथं आधी अर्ज करून नंबर लागावा लागते. आज सांगितलं आन् उद्या बसले असं नाही होत.

विपश्यी नागपूर:
तुम्ही केलं आहे का एकदा तरी? न करता बोलू नये.

अमरावतीचा अण्या:
आमच्या बायकोनं केलं. आली आन् पहिले दोन दिवस आम्हीच मौनात.

सेतू केंद्रवाला:
सगळे स्थळं सांगून रायले, पण एक गोष्ट कोणीच इचारली नाही. पाहुणे कुठले आहेत? पुण्याचे का परदेशी?

कापूसकोंड्या:
एक जर्मनीचा गडी, एक स्पेनची बाई. योगाच्या क्लासात भावाला भेटले. सांगितलं नव्हतं का?

वर्धेची माई:
नाही रे बाबा, नाही सांगितलंस.

सेतू केंद्रवाला:
मंग थांबा. परदेशी माणूस तुमच्या घरी झोपला का २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलवाल्यालेच नाही, घरमालकालेही लागू आहे, फुकट ठेवला तरी. विदेशी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर घरमालक म्हणून आधी तुमचं खातं काढा, त्याले वेळ लागू शकते. पाहुणे यायची वाट पाहू नका. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, कुठून आले, कुठं जाणार, फोटो, सगळं आधी व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा. ठाण्यातही एकदा सांगून या, पोलीस पाटलाच्या कानावर घाला. गावात दोन गोरे फिरले का फोन तसेही जातातच.

आन् त्यांनी व्हिसा अजून काढला नसन तं सरकारी साइटवरूनच काढा म्हणा. तशाच दिसणाऱ्या दलालाच्या साइटा असतात, चौपट पैसे घेतात.

कापूसकोंड्या:
हे बरं झालं सांगितलं. खरंच कोणालाच माहीत नव्हतं. भावालाही नाही.

पुण्याचा प्रवासी:
लोणार चुकवू नका! २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. दैत्यसूदन मंदिराच्या कोरीवकामासाठी वाइड लेन्स न्या. मी ट्रायपॉड नेला नाही याचा आजही पश्चात्ताप होतो.

वर्धेची माई:
लेन्स कोणी विचारली होती?

कापूसकोंड्या, माझं ऐक. परदेशी असतील तर दोन दिवस इकडे पाठव. सेवाग्रामला बापू कुटी बघून हे लोक गप्प होतात, मी कित्येकदा पाहिलं आहे. मातीच्या भिंती, बोरूची चटई, बसायला गादी, बस. ती कुटी आधी मीराबेनची होती आणि मीराबेन इंग्लंडच्या, हे सांगितलंस की त्यांना घरचं वाटतं. सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना असते, १९३६ पासूनची जागा आहे. आश्रमासमोर यात्री निवासात राहायची सोय आहे, आधी फोन करून विचार. तिथून पवनारला विनोबांचा आश्रम, धाम नदीच्या काठावर. बायकांनी चालवलेलं ब्रह्मविद्या मंदिर, १९५९ पासून. त्या स्पॅनिश बाईला तिथं अर्धा दिवस एकटीला बसू दे. शेतात काम करणाऱ्या बहिणींबरोबर निंदायला बसली तर कोणी नको म्हणणार नाही, पण आधी विचारावं.

आणि 'महाराज भेटवा' हे मनातून काढून टाक. एका मोठ्या तीर्थाला, नाव घेत नाही, स्टेशनबाहेरच एकानं माझ्या भाचीला गाठलं. कपाळ पाहून ग्रहदोष काढला, 'खास दर्शन' म्हणून २१०० रुपये घेतले आणि मागच्या दारानं त्याच रांगेत आणून उभं केलं. ती तर मराठी बोलणारी. हे दोघं काय करतील?

अमरावतीचा अण्या:
शेगावात असं होत नाही. सेवेकरी हात जोडून "माऊली, पुढं चला" म्हणते.

वर्धेची माई:
अरे शेगावचं म्हटलंच नाही मी!

अमरावतीचा अण्या:
स्पष्ट केलेलं बरं. आन् महाराज जिवंतच पाहिजेत असं आहे का? मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीसमोर संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसवा. भाषा न कळता कळते ती.

आरोग्यसेविका:
मी यवतमाळ जिल्ह्यातच उपकेंद्रावर आहे. पाहुण्यांना बोअरचं पाणी देऊ नका. आपल्याकडच्या कितीतरी बोअरमध्ये फ्लोराईड आहे, शिवाय त्यांच्या पोटाला सवय नाही. सीलबंद जार आणा, दात घासायलाही तेच. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर आणि दुपारी डोक्याला दुपट्टा, दोन्ही लागतील. माहूरला नेणार असाल तर माकडांपासून जपा. हातात प्रसादाची पिशवी धरून पायऱ्या चढायच्या नाहीत. चावलं किंवा ओरबाडलं तर १५ मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी लस. हळद-चुना लावू नका.

संडास घरात आहे ना?

कापूसकोंड्या:
आहे. पण भारतीय पद्धतीचा, आन् अंगणाच्या टोकाला. रात्री लाईट गेली तं बॅटरी घेऊन जावं लागते.

आरोग्यसेविका:
मग बॅटरी दोन घ्या. आणि हे पाहुण्यांना आजच कळवा, आल्यावर नाही.

निवृत्त वाहक:
गाडीचं कोणी बोललंच नाही. येऊन कशानं रायले थे?

कापूसकोंड्या:
मुंबईला उतरणार, तिथून विदर्भ एक्स्प्रेस. वर्ध्याला उतरवू का बडनेऱ्याला? चारचाकी नाही आपल्याकडे, हेही सांगायचं राहिलं.

निवृत्त वाहक:
दोन्ही चूक. शेगावलेच उतरवा. अंधारातच येते गाडी, तुम्ही आदल्या रात्री जाऊन स्टेशनवर थांबा. आंघोळी, काकड आरती, दर्शन, महाप्रसाद. मंग अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा. वाटेतच कारंजा पडते, थे कसं सोडता? नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिर. जैनायचे जुने मंदिरं कारंज्यातच. म्हणजे घरी पोचायच्या आत दोन ठाणे झाले आन् उलटा फेरा वाचला. अण्याचं शेगावही झालं. जाताना वर्ध्याहून बसवा, म्हणजे माईचं सेवाग्रामही झालं.

तिकीट आतापासून पाहा. साठ दिवस आधी आरक्षण सुटते. परदेशी लोकायचा येगळा कोटा राहते, पण सगळ्या गाड्यांत नाही. यष्टीत बाईले अर्धं तिकीट हाय.

सेतू केंद्रवाला:
स्पेनच्या बाईला पण?

निवृत्त वाहक:
थे कंडक्टरले इचारा. मी रिटायर झालो तवा अर्धं तिकीट नोतं आन् स्पेनही नोतं.

तांड्यावरून:
फिरण्यासाठी गावातली एखादी जीप दिवसावर ठरवा. पोहरादेवी आणि माहूर वेगवेगळ्या दिवशी करा. माहूरला रेणुका, दत्तशिखर, अनसूया एका दिवसात झालं तरी पाय बोलतात. तिथं प्रसादाचा कुटलेला तांबूल मिळतो, तो त्यांना आवर्जून द्या.

कापूसकोंड्या:
वाहक काका, हे जमते. मनातलं बोलले. आता खरी अडचण सांगतो. आज त्यांचा मेसेज आला. दूध घेत नाहीत, तूप नाही, दही नाही, मधही नाही. आईनं दोन किलो लोणी कढवून तूप भरून ठेवलं आहे बरणीत. मी सांगितलं तं चुलीपासून उठून आली. "दूध नाई पेत, तं मंग पेतात काय? साधू तं दुधावरच राह्यते." तेव्हापासून बरणीकडे पाहते आन् माझ्याकडे पाहते. शिवाय त्या दहा दिवसांत हरभरा सोंगायला येईल, मी रोज फिरवायला मोकळा नाही.

वर्धेची माई:
हे आधी सांगायचं असतं रे. पण आपल्याकडचं निम्मं जेवण तसंच आहे की. ज्वारीची भाकर, ठेचा, तेलातलं पिठलं, सोले-वांगी, वांग्याचं भरीत, वरणावर तूप वगळलं की झालं. गुळाचा कोरा चहा, त्यात गवती चहाची पात. आईला म्हणावं उपासाचे पाहुणे आहेत असं समज. उपास म्हटलं की आपल्या बायका काहीही समजून घेतात.

पुण्याचा प्रवासी:
आई 'सांबार घालू का' विचारेल आणि ते इडलीची वाट पाहत बसतील. माझं झालं आहे तसं यवतमाळात. ताटात कोथिंबीर आली.

अमरावतीचा अण्या:
पहिल्यांदा कामाचं बोलला.

आरोग्यसेविका:
ठेचा वेगळ्या वाटीत द्या. वरून घालू नका. हे डॉक्टरी सांगणं आहे.

तांड्यावरून:
हरभऱ्याचं म्हणाल तर त्यांना वावरात न्या. फिरवायचं कशाला? पहाटे दवात सोंगणी, हातमोजे द्या, नाहीतर हरभऱ्याच्या आंबीनं हात चुरचुरतील. दुपारी बांधावर हिरव्या घाट्यांचा हुळा भाजा.

विपश्यी नागपूर:
ती सुद्धा साधनाच आहे, सजग राहून केली तर. तरी पण धम्म नागचा अर्ज भरून ठेवा, पुढच्या वेळेसाठी.

कापूसकोंड्या:
अपडेट. आल्या दिवशी शेगाव-कारंजा, मधी एक दिवस माहूर, एक दिवस पोहरादेवी (१५ ला गर्दी, म्हणून आधीच), शेवटचे दोन दिवस सेवाग्राम-पवनार. बाकीचे दिवस वावर. प्रकटदिनाची तारीख आईनं कॅलेंडरात पाहिली, आपल्या दिवसांत येत नाही. संडासाचा फोटो पाठवला, जर्मनीवाला म्हणे चालते. पोर्टलवर खातं काढायला घेतलं, दोन वेळा फोटो परत आला, साइज मोठी म्हणते.

सेतू केंद्रवाला:
फोनमधला फोटो तसाच टाकला असन. उद्या केंद्रात या, छोटा करून देतो. येताना लाईट बिल आन् आधार आणजा.

कापूसकोंड्या:
येतो. आई अजून एक इचारते. त्यांना पाटावर मांडी घालून जेवता येईल का? नाहीतर सरपंचाच्या घरून टेबल मागावा लागन, आन् सरपंचाशी आमचं बोलणं नाही.

अमरावतीचा अण्या:
योगवाले आहेत ना बे. तुझ्यापेक्षा बरे बसतील. शेगावहून कचोरी किती आणतो ते सांग.