मदत हवी आहे : प्रकाश सापळ्यात येणारे पतंग बाहेरून आलेले की आपल्याच शिवारातले, हे कसे ठरवावे?

नमस्कार. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात गावाच्या कडेला आमचे घर आहे. घरामागच्या परसबागेला लागून एका अंगाला कापूस आणि तूर आहे, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची मोसंबीची बाग. या परसबागेत रात्री प्रकाश सापळा लावून मी पतंगांच्या नोंदी ठेवते. नोंदी ठेवणे आता अंगवळणी पडले आहे. अडचण आहे ती त्यांचा अर्थ लावण्याची, विशेषतः परतीचा पाऊस सरल्यापासून थंडी पडेपर्यंतच्या काळातील नोंदींचा.

सापळ्याविषयी थोडे सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. दिव्याखाली रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्याचे घमेले ठेवण्याची जी पद्धत शेतात रूढ आहे ती मी मुद्दाम टाळली, कारण त्यात पडलेल्या पतंगाच्या पंखांवरचे खवले धुऊन जातात, तो ओळखण्याच्या लायकीचा राहत नाही आणि त्याच्यासोबत उपयोगी कीटकही नाहक मरतात. माझ्याकडे झाकणाची मोठी बादली आहे. तिच्या तोंडावर नरसाळे, नरसाळ्याच्या मधोमध 15 वॅटची अतिनील नळी आणि नळीभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या. पट्टीवर आपटलेला पतंग घसरून बादलीत जातो आणि आत उभ्या रचलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधील खळग्यात शांत बसतो. लोडशेडिंगमुळे नळी इन्व्हर्टरवर चालवावी लागते. उजाडण्यापूर्वी बादली सावलीत नेली नाही तर बाहेर भिंतीवर बसलेल्या पतंगांचा कोतवाल आणि सातभाई हे पक्षी फडशा पाडतात. त्या दिवशीची मोजणी मग अर्धवटच राहते. मोजून झाल्यावर पतंग संध्याकाळी झुडपांत सोडून देते.

आता मूळ प्रश्न. इंग्लंडमध्ये बागेत सापळा लावणाऱ्यांना शरद ऋतू हा पाहुण्यांचा हंगाम वाटतो, आणि ते योग्यच आहे. दक्षिणेकडून वारे वाहू लागले की ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली हा हॉकमॉथ गटातला मोठा पतंग तिथल्या तंबाखूवर्गीय फुलांवर येतो. कण्हेरीवरचा हिरवा हॉकमॉथ तर क्वचितच दिसतो. तिथल्या थंडीत हे पतंग तग धरू शकत नाहीत, त्यामुळे सापळ्यात एखादा सापडला तरी तो परका हे उघड असते. गंमत अशी की तिथे ज्याच्या एका नोंदीचे अप्रूप वाटते तो हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणजे आपल्या घाटे अळीचा पतंग. आमच्याकडे तो तुरीवर, हरभऱ्यावर आणि कापसावर पिढ्यान्‌पिढ्या नांदतो, आणि ॲग्रियसची अळी रताळ्याच्या वेलावर बांधावरच मिळते. परका आणि घरचा अशी रेघ आमच्याकडे ओढायची तरी कुठे?

ॲग्रियसचेच उदाहरण घ्या. ट्रेवर बसलेला असताना तो राखाडी सालीच्या तुकड्यासारखा दिसतो. बोट लागताच पंख उचलतो आणि पोटाच्या दोन्ही बाजूंचे गुलाबी व काळे पट्टे उघडे पडतात. मग उडण्याआधी स्नायू तापवण्यासाठी तो बराच वेळ नुसता थरथरत राहतो. आश्विनात असे काही पतंग आले, त्यांतील निम्म्यांच्या पंखांच्या कडा विरलेल्या होत्या, तर उरलेल्यांच्या कडेची झालर शाबूत होती. विरलेले ते लांबून आलेले आणि शाबूत ते इथलेच, असे म्हणता येईल का?

दुसरा गुंता घाटे अळीच्या पतंगाचा. एरवी रात्री चार-सहा येणारा हा पतंग वारा ईशान्येकडून वाहू लागल्यावर एका रात्रीत चाळीसच्या वर गेला आणि पुढच्या काही रात्री तसाच येत राहिला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील संशोधन संस्थेच्या परिसरात 1980 च्या दशकात या पतंगाच्या रात्रीच्या उड्डाणाचा रडारने अभ्यास झालेला आहे, तेव्हा तो वाऱ्यासोबत लांब जातो यात शंका नाही. मात्र त्याच सुमारास आमच्या शिवारातील सोयाबीनही निघाले होते, आणि त्यातील अळ्यांचे जमिनीत झालेले कोष त्याच वेळी फुटले असणे तितकेच शक्य आहे.

यात चंद्राची भर. कोजागरीच्या आसपास सापळा जवळजवळ रिकामा असतो आणि दिवाळीच्या अमावास्येकडे जाताना संख्या वाढत जाते. आता ही वाढ पतंगांची मानावी की अंधाराची? दिवाळीत गावभर दिवे लागतात आणि माझ्या एका नळीची ओढ आणखी घटते, ते वेगळेच. घाटे अळीची वर सांगितलेली वाढ नेमकी कोजागरीनंतरच्या कृष्ण पक्षातच आली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही.

शेवटी मोसंबीचा मुद्दा. शेजारच्या बागेत फळातील रस शोषणाऱ्या पतंगाचा उपद्रव आहे, फळे गळतात, भोकाभोवती साल मऊ पडून कुजते. तरीही सापळ्यात हा पतंग क्वचितच येतो. सापळ्याची जागा चुकीची आहे की त्याची दिव्याकडे ओढच कमी आहे, हे जाणकारांनी सांगावे. त्या बागमालक काकांची समजूत अशी झाली आहे की माझ्या दिव्यामुळेच पतंग त्यांच्याकडे येतात, त्यामुळे याचे उत्तर मला जरा लवकर हवे आहे.

बालाघाटकर यांचा प्रतिसाद :

ताई, आपण प्रश्न व्यवस्थित मांडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी काकांचे समाधान करू. रस शोषणारे युडोसिमा गटातील पतंग दिव्याकडे फारसे वळत नाहीत. त्यांना पिकत्या फळाचा वास खेचतो. आपला सापळा रिकामा राहतो तो यामुळे. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बागेत फिरा, फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात चमकताना दिसतील. मागचे पंख नारिंगी-पिवळे असतात. त्यांवर मध्ये गोल काळा ठिपका असेल तर मटेर्ना ही जात, आणि स्वल्पविरामासारखा वळलेला काळा डाग असेल तर फॅलोनिया. यांच्या अळ्या मोसंबीवर नसतातच. त्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या रानवेलींवर, कुंपणात आणि माळावर वाढतात. म्हणजे हा पतंग काकांच्या बागेपुरता बाहेरचाच, पण हजार मैलांवरून आलेला नव्हे. समोरच्या टेकडीवरून आलेला. काकांना बांधावरच्या वेली दाखवा, आणि गळलेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरायला सांगा. सडक्या फळांच्या वासावरही हे पतंग येतात.

विरलेल्या पंखांवरून निष्कर्ष काढू नका. अनेक स्थलांतरी पतंग कोषातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही रात्रींतच, अंडी घालण्यापूर्वी, लांबचे उड्डाण करतात. त्यामुळे दूरवरून आलेला पतंग बऱ्यापैकी ताजा असू शकतो आणि आपल्याच रताळ्याच्या वेलावर वाढलेला पतंग वयाने विरलेला. शिवाय रात्रभर बादलीत फडफडूनही झालर जाते. पंखांची स्थिती नोंदवत चला, ती इतर पुराव्याला पूरक ठरते. तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

चंद्राचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. एकाच जातीचा आकडा पाहण्याऐवजी त्याच रात्रीच्या बाकी सर्व पतंगांशी त्याचे प्रमाण काढा. अंधारामुळे किंवा दमट, वारा पडलेल्या हवेमुळे सापळा भरला असेल तर बहुतेक सर्वच जाती थोड्याफार वाढतात. घाटे अळीच तेवढी वाढली आणि बाकीचे जिथल्या तिथे राहिले, तर ती वाढ चंद्राच्या नावावर टाकता येत नाही. त्यासाठी ज्या रात्री सापळा लावला पण काहीच आले नाही त्या रात्रीही वहीत उतरल्या पाहिजेत, आणि नळी, जागा व वेळ वर्षभर बदलता कामा नये. नळी जुनी झाली की डोळ्यांना तेवढीच उजळ दिसते, पण तिच्यातील अतिनील किरण घटलेले असतात, म्हणून ती बदलल्याची तारीख लिहून ठेवा.

यानंतर उरतो तो प्रश्न कोष इथे फुटले की पतंग वाऱ्याने आले हा. घाटे अळीचा कोष आपल्याकडच्या उबेत साधारण दोन आठवड्यांत फुटतो. वाढीच्या आधीच्या तीन आठवड्यांत आसपासच्या सोयाबीन, कापूस व तुरीत मोठ्या अळ्या होत्या का, हे शेतकऱ्यांना विचारा. अळ्या भरपूर असतील तर पतंग इथलेच मानावेत. त्या अगदीच नगण्य असतील, वारा फिरल्याच्या रात्रीच वाढ झाली असेल आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या सापळ्यातही तीच वाढ त्याच रात्री दिसली असेल, तर बाहेरून आल्याची शक्यता बळावते. तरीही वहीत ‘अचानक वाढ’ असेच लिहा. ‘स्थलांतर’ हा निष्कर्ष आहे, तो नोंदीच्या रकान्यात नको.

घाटे अळीसाठी जमल्यास शेतात कामगंध सापळाही, म्हणजे मादीच्या गंधासारख्या गोळीने नरांना ओढणारा सापळा, ठेवा. त्यात फक्त नर येतात, आणि कामगंधाची गोळी ठरलेल्या मुदतीत बदलावी लागते, पण त्याचे काम दिव्याच्या उजेडावर अवलंबून नसते. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग हा जो इशारा कापूस उत्पादकांना दिला जातो, तो अशाच सापळ्यांवर बेतलेला आहे. तो आकडा प्रकाश सापळ्याला लावू नये.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर :

मनापासून आभार. प्रमाण काढण्याची युक्ती लगेच जुन्या वहीवर वापरून पाहिली. वाढीच्या पहिल्या रात्री घाटे अळीचा वाटा एकदम चढलेला आहे आणि बाकीचे पतंग होते तेवढेच आहेत, म्हणजे ती वाढ अंधाराची नव्हती. मात्र वाढीच्या आधीच्या आठवड्यांत सोयाबीनमध्ये अळ्या होत्या असे दोन शेतकऱ्यांनी सांगितले, त्यामुळे ती नोंद मी ‘अचानक वाढ, बहुधा स्थानिक’ अशी केली आहे. ॲग्रियसबाबत अजून काही ठरवता येत नाही. आमच्या गावात रताळी फार कमी लावतात, पण बांधांवर रताळ्याच्याच कुळातली चांदवेल भरपूर आहे आणि ती मी कधी तपासलेली नाही.

काकांसोबत काल टॉर्च घेऊन बागेत गेले होते. स्वल्पविरामाच्या डागाचे दोन पतंग फळावर बसलेले सापडले, आणि कुंपणात गुळवेल तर गच्च आहे. दिव्यावरचा आरोप तूर्त मागे घेतला गेला आहे.

आता एक विनंती उरते. परभणी, सेलू, अंबाजोगाई किंवा लातूर भागात कोणी सापळा लावत असेल, तर या अमावास्येच्या आधीच्या आठवड्यापासून आपण ठरवून त्याच रात्री सापळे लावू शकतो का? नळी वेगवेगळ्या वॅटची असली तरी चालेल, कारण प्रमाणच पाहायचे आहे. संध्याकाळचा वारा कोणत्या दिशेने होता तेवढे मात्र प्रत्येकाने लिहावे.