मदत हवी आहे: स्विफ्टचा कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवायचा आहे, वायर न तोडता

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती स्विफ्ट झेडएक्सआय, २०१४, पेट्रोल. स्टिअरिंगवर आवाजाची बटणं आहेत. कंपनीचा स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारातच बसवलेला आहे, चार दारांत चार स्पीकर. अपेक्षा दोनच: फोनचा नकाशा स्क्रीनवर दिसावा आणि हायवेला गाणी नीट ऐकू यावीत. गल्ली हादरवणारा वूफर नको. बजेट फिटिंग धरून ३५ हजार.

एका दुकानात १० इंची अँड्रॉइड स्टिरिओ दाखवला. डब्यावर '४ x ६० वॉट' लिहिलंय. दुकानदार म्हणतो, "कपलर (वायरी जोडायचं प्लग-सॉकेट) शोधत बसू नका, वायर तोडून जोडतो, सगळेच तसं करतात."

१. वायर तोडल्याने नक्की काय बिघडतं?
२. स्टिअरिंगची बटणं चालू राहतील का?
३. ६० वॉट असताना वेगळा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) लागतो का?
४. स्पीकर बदलू की आधी फक्त स्टिरिओ?

तारजोड

वायर तोडू देऊ नका. कंपनीचा कपलर कापला की जुना स्टिरिओ परत बसवणं, गाडी विकणं, पुढे दोष शोधणं, सगळंच अवघड होतं. शिवाय पिळून टेप गुंडाळलेला जोड डॅशबोर्डच्या उन्हात टिकत नाही. टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, दोन उघड्या तारा भेटतात. तुमच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर दोन्ही तयार मिळतात. फ्रेम घेताना स्टिरिओ डबल डिन आहे की ९ इंची, ते सांगून घ्या. डबल डिनचं तोंड १७८ x १०० मिमी असतं, ९ इंचीची फ्रेम पूर्ण वेगळी.

बाहेरच्या स्टिरिओच्या वायरचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट, काळी अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडायची). केशरी डॅशबोर्डच्या दिव्यांसाठी, निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी अ‍ॅम्प चालू करण्यासाठी. स्पीकरला पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली ती वजा. स्वस्त अँड्रॉइडमध्ये हे रंग इकडचे तिकडे असू शकतात, तेव्हा स्टिरिओच्या पाठीवरचं स्टिकर प्रमाण माना.

गाडीच्या बाजूला मात्र रंगावर अजिबात भरवसा नको, मल्टिमीटर लावा. चावी काढून जिथे १२ व्होल्ट दिसतात ती कायमची. चावी 'एसीसी'वर (इंजिन सुरू व्हायच्या आधीच्या खाचेवर) आणल्यावर जिथे येतात ती दुसरी. लाल-पिवळी उलट झाली तर रेडिओची स्टेशनं आणि आवाजाची सेटिंग दर वेळी पुसली जातात. लोक स्टिरिओ खराब म्हणून परत करायला निघतात, दोष जोडणीत असतो.

आणि स्पीकरची वजा वायर कधीही बॉडीला लावू नका. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज असतं. वजा अर्थ केली की आतली अ‍ॅम्प चिप जाते.

स्टिअरिंगची बटणं: तुमच्या गाडीत ती रोधकांवर (रेझिस्टरवर) चालतात. चावी बंद ठेवून कपलरच्या बटणांच्या वाटणाऱ्या दोन वायरींवर मीटर ओहमवर लावा. प्रत्येक बटणाला वेगळा आकडा दिसला की वायर सापडली. अँड्रॉइडमध्ये 'की १', 'की २' आणि अर्थ अशा वायर असतात, जोडून सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून शिकवायचं. सगळी बटणं एकच काम करायला लागली तर अर्थची वायर राहिलीय असं समजा. नामांकित कंपन्यांच्या स्टिरिओला बऱ्याचदा वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो, तो बजेटमध्ये धरा.

ओहम

६० वॉटचं गणित करून बघा. ४ ओहमच्या स्पीकरला ६० वॉट द्यायचे तर १५.५ व्होल्ट आरएमएस (लाटेचं परिणामी मूल्य) लागतात, म्हणजे लाटेच्या शिखराला २२ व्होल्ट. गाडी चालू असताना मिळतात १४.४. स्टिरिओच्या आत व्होल्टेज वाढवणारं काही नसतं, त्यामुळे १४.४ मधून स्वच्छ आवाजात अगदी आदर्श स्थितीतसुद्धा २६ वॉटच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात १८-२० समजा. डब्यावरचा आकडा विकण्यासाठी असतो.

म्हणून हायवेवर टायरच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवला की चिप लाटेची टोकं कापते आणि कर्कश ऐकू येतं. तुमच्या प्रश्न ४ चं उत्तर इथेच आहे. पैसे स्क्रीनच्या इंचांत घालू नका. साधा स्टिरिओ, पुढच्या दारांना साडेसहा इंची कंपोनंट (वेगळा ट्विटरवाला) आणि ४ x ५० वॉट आरएमएसचा छोटा डी-क्लास (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प. मागचे स्पीकर आहेत तेच राहू द्या, ऐकणारे पुढे बसतात.

चौथागिअर

ओहम यांच्याशी सहमत, पण अँड्रॉइडच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. नकाशाच हवा असेल तर कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो असलेला नामांकित कंपनीचा डबल डिन घ्या. सगळं काम फोन करतो, स्टिरिओला फक्त दाखवायचं असतं. स्वस्त अँड्रॉइडमध्ये 'अँड्रॉइड १३' हे कित्येकदा नुसतं सेटिंगच्या पानावर रंगवलेलं असतं, आत जुनी आवृत्ती. २ जीबी रॅममध्ये नकाशा आणि गाणी एकत्र चालवली की अडखळतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत तापल्यावर आणखी.

ओहम

मान्य, पण ४ जीबी रॅम आणि चांगला डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) असलेला अँड्रॉइड घेतला तर प्रत्येक स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडता येतो. ड्रायव्हरच्या जवळचा उजव्या दरवाजाचा आवाज थोडा मागे रेटला की गाणं समोरून आल्यासारखं वाटतं. साध्या डबल डिनमध्ये हे दर वेळी मिळेलच असं नाही, घेताना 'टाइम अलाइनमेंट' विचारा.

किनारा

स्पीकरबद्दल दोन गोष्टी, कारण दुकानात या हमखास चुकतात.

खोली: काच पूर्ण खाली करून दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. स्पीकरची बसण्याची खोली त्याहून किमान ५ मिमी कमी हवी. कमी पडलं तर रिंग लावून स्पीकर बाहेर घ्या. रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या बोर्डची) नको. दारात पावसाचं पाणी काचेवरून आत येतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. एमडीएफ पहिल्याच पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रू सुटतात. प्लास्टिकची रिंग किंवा वॉर्निश मारलेलं मरिन प्लाय घ्या.

दारातला प्लास्टिकचा कागद: ट्रिम (दाराचं आतलं आवरण) काढली की पत्र्यावर काळ्या चिकट पट्टीने लावलेला कागद दिसतो. घाईत तो फाडून टाकतात. तो नसेल तर तेच पाणी ट्रिमवर येतं आणि पुढे पायाखालच्या मॅटमध्ये. कागद सावकाश सोडवा, परत त्याच पट्टीवर दाबून बसवा, पट्टी सुकली असेल तर नवी ब्युटाइल पट्टी लावा. खालची निचऱ्याची भोकं डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या शीटने) बुजवू नका. २ मिमीची शीट बाहेरच्या पत्र्याला स्पीकरच्या मागे लावली तरी बराच फरक पडतो, अख्खं दार मढवायची गरज नाही.

जोडताना स्पीकरची दिशा तपासा. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावायचा: कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलचं अधिक जिथे लागलंय ते अधिक. एक दार उलट जोडलं गेलं तर बेस गायब होतो. ट्विटरवर हा प्रयोग करू नका.

तारजोड

काम सुरू करण्याआधी: १० नंबरच्या पान्याने बॅटरीची वजा बाजू सोडवा आणि तीन मिनिटं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये तेवढा वेळ चार्ज राहू शकतो. डॅशमध्ये पिवळ्या नळीतल्या वायर आणि पिवळे कपलर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना मीटरसुद्धा लावायचं नाही. व्होल्टेज तपासायला बॅटरी परत जोडाल तेव्हा सुटे कपलर आधी जागेवर बसवा, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो स्कॅनरने घालवावा लागतो. ट्रिम उचकटायला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरा, स्क्रूड्रायव्हरने कडा चेपतात.

अ‍ॅम्पची वायर थेट बॅटरीवरून घ्या, स्टिरिओच्या पिवळीतून नाही. ४ x ५० म्हणजे २०० वॉट, डी-क्लासची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत २५० वॉट लागतात, म्हणजे सुमारे १८ अँपिअर. ८ गेजची (सुमारे ८ चौरस मिमी) शुद्ध तांब्याची वायर, ३० अँपिअर फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरीसाठी असतो. फ्यूज लांब असेल आणि इंजिनच्या भिंतीत वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडचा, बॅटरीकडचा भाग जळतो. भिंतीच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच. किटमधल्या वायरीचा एक धागा पात्याने खरवडा: आत पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, मग एक माप जाड घ्या.

घाटवाट

सर्वांचे आभार. कपलर आणि फ्रेम घेऊन दुसऱ्या फिटरकडून काम झालं: कारप्लेवाला डबल डिन, पुढे कंपोनंट, अ‍ॅम्प ड्रायव्हरच्या सीटखाली. बटणं चालतात. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तीन तक्रारी:

अ) इंजिन रेस केलं की स्पीकरमधून 'ईंऽऽ' असा आवाज, आरपीएमबरोबर वाढतो.
आ) रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर जड फिरतो.
इ) एफएम आधीपेक्षा अशक्त. गावाबाहेर पडलं की खरखर.

तारजोड

(इ) सोपं आहे. अँटेनाच्या बुडात छोटा वर्धक असेल तर त्याला १२ व्होल्ट लागतात, ते निळ्या वायरीतून जातात. ती मोकळी असणार. जोडा किंवा पॉवरवाला अँटेना अ‍ॅडाप्टर लावा.

(आ) साठी गाडी बंद केल्यावर सीटखाली बघा, अ‍ॅम्पचा दिवा चालू आहे का? असेल तर फिटरने अ‍ॅम्पची 'रिमोट' (चालू-बंदचा इशारा देणारी) वायर कायमच्या १२ व्होल्टला लावलीय. खात्री करायला मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीच्या वजा टोकाशी मालिकेत जोडा, दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडी झोपू द्या, अर्धा तास थांबून आकडा वाचा. ०.०५ अँपिअरच्या आत हवा. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

घाटवाट

दिवा चालू होता. मीटरवर ०.८१ अँपिअर.

ओहम

मग हिशेब जुळतो. १२ तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास गेले. बॅटरी ३५ ची, त्यात जुनी, स्टार्टर जड होणारच. रिमोट सोडवून स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला लावा.

(अ) साठी क्रमाने जा. स्टिरिओ बंद करून अ‍ॅम्पच्या टोकाची आरसीए (स्टिरिओचा सिग्नल आणणारी वायर) काढा, मग इंजिन आणि स्टिरिओ दोन्ही चालू करून रेस करा. आवाज गेला तर दोष आरसीए किंवा स्टिरिओकडे, राहिला तर अ‍ॅम्पच्या अर्थ किंवा पॉवरकडे. आरसीए चालू स्टिरिओवर कधीच काढू-घालू नका, काही स्टिरिओंत आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज उडतो आणि मग हाच आवाज कायमचा चिकटतो. अर्थ तपासायला मोठ्याने गाणं लावून अ‍ॅम्पची अर्थ आणि बॅटरीचं वजा यांमध्ये मीटर लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर जागा वाईट आहे.

घाटवाट

रिमोट बदलली, आता ०.०३. निळी जोडल्यावर एफएम सुधारलं. आरसीए काढल्यावर 'ईंऽऽ' जातो. अर्थला ०.३४ व्होल्ट, ती सीटच्या बोल्टला लावलीय, खाली रंग आहे. आरसीए आणि बॅटरीची वायर दोन्ही उजव्या पट्टीखालून एकत्र गेल्यात.

ओहम

दोन्ही कारणं एकत्र आहेत, आधी अर्थ घ्या. बोल्ट सोडून दुसरी जागा, रंग चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडा, क्रिंप केलेलं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), स्टार वॉशर, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. वायर ४५ सेंमीपेक्षा लांब नको. त्यानंतरही बारीक आवाज उरला तर आरसीए डाव्या बाजूने किंवा मधल्या कन्सोलमधून न्या. बाजारातला 'नॉइज फिल्टर' लावू नका, तो दोष लपवतो आणि बेसही खातो.

मग गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) लावा. स्पीकर सोडवा, स्टिरिओ ७५ टक्के आवाजावर, १ किलोहर्ट्झचा टोन वाजवा, अ‍ॅम्पच्या स्पीकर टोकांवर मीटर एसी व्होल्टवर. ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१, गेन तिथपर्यंतच. पुढच्या दारांना हाय-पास (ठरावीक आकड्याखालचा बेस अडवणारी सेटिंग) ८० हर्ट्झ ठेवा, साडेसहा इंची कोनला त्याखालचा बेस झेपत नाही.

घाटवाट

अर्थ बदलल्यावर ०.०४ व्होल्ट. आवाज जवळजवळ गेला, आरसीए रविवारी हलवतो. जुन्या स्टिरिओचं काय करावं? आणि विम्यात काही कळवायचं असतं का?

चौथागिअर

स्टिरिओ, त्याच्या पट्ट्या आणि स्क्रू एका पिशवीत भरून ठेवा, गाडी विकताना तो परत बसवून नवा काढता येतो. विम्याचं: कंपनीने न दिलेल्या विजेच्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या लिहाव्या लागतात, 'आयएमटी २४' हे त्याचं कलम. प्रीमियम त्या वस्तूंच्या किमतीवर ठरतो. लिहिलं नसेल तर चोरी झाल्यावर स्टिरिओ आणि अ‍ॅम्पचे पैसे मिळत नाहीत. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या आणि नूतनीकरणाच्या वेळी एजंटला द्या.