मदत हवी आहे: बंद पडलेला व्यायाम पुन्हा सुरू कसा करू?
मंडळी, गेल्या वर्षापर्यंत मी रोज सकाळी ५ किलोमीटर पळायचो. मग परीक्षा आली आणि 'एवढा महिना जाऊ दे' म्हणता म्हणता चार महिने गेले. परवा बूट बाहेर काढले तर आत कोळ्याचं जाळं! तरी जुन्याच जोशात निघालो. दीड किलोमीटरवर धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. पोटऱ्या अजून ठणकतायत.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. हिशेब सोपा आहे, पण माझ्या प्रॅक्टिकलच्या वेळा सारख्या बदलतात, आणि रात्री एकपर्यंत जागल्यावर पहाटे कुठली जाग येतेय! जिम परवडत नाही, त्यामुळे पळणं आणि खोलीतल्या दंड-बैठका एवढंच.

आधी काही दिवस नुसतं चालून मग थोडं पळणं, थोडं चालणं असं करू का? बैठका पळण्याच्या दिवशीच माराव्यात की एक दिवस आड? आणि मुख्य म्हणजे, एक दिवस चुकला की माझा अख्खा आठवडा वाया जातो, त्याचं काय करायचं?

असा खंड पडून ज्यांचा पुन्हा जम बसलाय त्यांनी प्लीज सांगा. फक्त 'मनावर घे' नको, ते आई रोज ऐकवतेच.